नऊ नंबरची चौकट

१४ मे

ताईचा पेपर जर्नलमध्ये छापून आला. मिस्त्रींनी खालून टपालाबरोबर अंक आणला. जाड, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर आमचाच माळ. हिरवागार. उपग्रहातून काढलेला.

लेखिकेचं नाव एकच. तिचं. माझं शोधत शोधत शेवटच्या पानापर्यंत गेले. तिथे आभार! विद्यापीठाचे, संगणक विभागाचे, आणि "क्षेत्रकामात मदत केल्याबद्दल" माझे.

मदत! एकोणीस उन्हाळे. वीस चौकटी. गुडघ्यांवर बसून, नाक जमिनीला लावून मोजलेलं एकेक पान. मदत म्हणे.

जेवले नाही. मिस्त्री म्हणाले, "बाई, बरं नाही का?" म्हटलं, डोकं दुखतंय. बारा वर्षं ते माळावरच्या या संशोधन केंद्राचं सगळं बघतात, जनरेटरपासून जीपपर्यंत. त्यांच्याशी खोटं बोलणं सोपं नाही. स्टोव्ह पेटवून गेले.

१५ मे

पुन्हा वाचला. तीनदा. निष्कर्ष काय, तर उंचावरचा गवताळ माळ तापमानवाढीत तग धरून आहे, उलट हिरवं आच्छादन वाढलंय.

वाढलंच आहे! पण कुणाचं? खालची झुडपं दर वर्षी वर चढतायत. पाठोपाठ खालचं राठ, उंच गवत. आणि इथलं जे मूळचं — बारीक लव्हाळं, ती बोटभर फुलं, उशी — ते त्यांच्या सावलीत गुदमरून मरतंय. एकाच्या घरात दुसरा घुसून राहिला तरी खिडकीत दिवा लागलेलाच दिसतो. वरून बघणाऱ्याला काय कळणार, आत कोण आहे? उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं. ही बया उपग्रहावरून हाकते!

आणि तिला माहीत नाही असंही नाही. 'उशी' हे नाव तिनंच ठेवलं. पहिल्या उन्हाळ्यात. शास्त्रीय नाव लांबलचक, जिभेला गाठ मारणारं. दगडाला चिकटलेली ती गोल, टणक, हिरवी गादी बघून म्हणाली, "बारके, बघ, कुणीतरी उशी विसरून गेलंय." वाढते वर्षाला गव्हाच्या दाण्याएवढीसुद्धा नाही. ताटलीएवढी झाली की समजायचं, साठ वर्षांची.

माझ्या वह्यांमधले उशांचे आकडे तिनं बाकी सगळ्या हिरव्यात मिसळून बेरीज केली. बेरजेत मेलेलं दिसत नाही.

१६ मे

जिरवीन.

१९ मे

फोनला रेंज फक्त हवामान मोजायच्या खांबापाशी मिळते. तिथे उभी राहून आईशी बोलले. थंडीनं कान सोलून निघाला.

आईचा आवाज नुसता फुललेला. ताई रेडिओवर बोलली म्हणे! "तुझंही नाव निघालं गं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, माझी धाकटी बहीण वरच असते. तिला पहिल्यापासून फिरायची आवड."

फिरायची आवड!

मी काय ते स्पष्ट सांगितलं. मग नेहमीचंच — "सख्खी बहीण ना ती तुझी. मोठ्या मनानं घे."

"मोठी ती आहे ना? मग मन मीच का मोठं करायचं?"

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही," म्हणाली. ठेवला.

बाबांच्या आजारपणात दोन वर्षं कोण घरी राहिलं, ते आई विसरली. तेव्हा ताई प्रबंध लिहीत होती. त्या प्रबंधातले मोजणीचे तक्तेसुद्धा मी भरले होते — बाबांच्या खाटेशेजारी बसून. आयत्या बिळावर नागोबा! आता नागोबा रेडिओवर बोलतो.

२३ मे

वनखात्याचं पत्र. "ताज्या संशोधनानुसार माळाची स्थिती समाधानकारक असल्याने वार्षिक मोजणीची आवश्यकता उरलेली नाही." सप्टेंबरअखेर केंद्र बंद. चौकटींचे खिळे, दोऱ्या, कुंपणं काढून सामान खाली पाठवायचं.

मिस्त्रींना वाचून दाखवलं. ते टोपी काढून डोकं खाजवत राहिले. "म्हणजे रोगी बरा आहे म्हणून डॉक्टरला हाकलायचं?" म्हणाले. "आणि बरा आहे असं सांगितलं कोणी?"

"माझ्या बहिणीनं."

त्यांनी टोपी परत घातली.

२४ मे

जर्नलच्या संपादकांना पत्र लिहिलं. सात मसुदे फाडले, आठवा पाठवला. तो सभ्य आहे. लेखाचा निष्कर्ष चुकीचा आहे. उपग्रहाला दिसणारी वाढ झुडपांची आहे. मूळ जाती नष्ट होतायत. या हंगामाची चौकटवार मोजणी करून मी ते सिद्ध करीन.

सातवा मसुदा खरा होता. तो इथे उतरवत नाही. आईनं ही वही उघडली तर!

३० मे

उत्तर आलं. वीसही चौकटींचे आकडे ऑगस्टअखेर पाठवा. लेखिकेला उत्तर द्यायची संधी दिली जाईल.

द्या की! बघते काय उत्तर देते.

२ जून

बर्फ गेलंसुद्धा. पहिल्या वर्षी याच तारखेला आम्ही दोघी मांडीभर बर्फातून चौकटी शोधत होतो. खिळ्यांना लाल फडकी बांधली होती म्हणून सापडल्या. आता कोरडी, तपकिरी जमीन. तीन आठवडे आधीच.

उद्यापासून मोजणी. पेपर वाचणाऱ्या शहाण्यांना काय कळणार चौकट म्हणजे काय! मीटरभर लांब, मीटरभर रुंद जमीन. वर दोरीची जाळी — शंभर घरं. एकेका घरात काय उगवलंय ते लिहायचं. एका चौकटीला अख्खा दिवस जातो. सम आकड्यांच्या चौकटी उघड्या. विषम आकड्यांच्या भोवती पारदर्शक प्लास्टिकचं तिरकं, गुडघाभर कुंपण. त्यानं आतली हवा दीड अंशानं गरम राहते. पुढे जग तापेल तेव्हा इथे काय होईल, ते विषम चौकटी आत्ताच सांगतात.

सांगा बायांनो. मोठ्यांदा सांगा!

९ जून

चौकट एक, कुंपणाची. गेल्या वर्षी उशा दोन होत्या. आता शून्य. दोन राखाडी सांगाडे, बोटानं दाबले की भुसा.
चौकट दोन, उघडी. नऊच्या सात.
तीन — शून्य. चार — अकराच्या सहा. पाच — शून्य.

बरं वाटलं. या वहीत तरी खरं लिहायचं ठरवलंय. म्हणून लिहिते — पाचमधला मेलेला तुकडा हातात घेतला आणि बरं वाटलं.

१८ जून

पहाटे कडक दहिवर, गोठून पांढरं झालेलं. लवकर बर्फ गेलं, म्हणून फुलंही लवकर उघडली होती. सगळी करपली. सकाळी माळ उकडलेल्या पालेभाजीसारखा दिसत होता. गुबगुबीत भुंगे नुकते बाहेर आलेले — या फुलावरून त्या फुलावर, हाती काही नाही. दुकानं बंद झाल्यावर बाजारात पोचल्यासारखे.

मेंढीवाली आली. दर उन्हाळ्यात वर येते. दोनेकशे मेंढ्या, दोन कुत्रे, आणि आवाज असा की पलीकडचा डोंगर ओ देईल. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. चहा घेत म्हणाली, "गवत गुडघाभर झालंय, आणि माझ्या मेंढ्या उपाशी."

"का?"

"राठ आहे. तोंड लावत नाहीत. बारीक हवं ना त्यांना! बारीक कुठाय? तिकडे, वर. दर वर्षी थोडं आणखी वर."

"मग आणखी वर न्यायच्या."

ती हसली. "वर कुठे बाई? वर आभाळ आहे."

लिहून घेतलं. संपादकांना पाठवायच्या पत्रात घालणार.

२७ जून

सहा, सात, आठ झाल्या. सात पार साफ! सहामध्ये निम्म्या. आठमध्ये पंधराच्या आठ. केंद्रावर येताना गाणं म्हणत आले. मिस्त्री जीपखाली झोपून काहीतरी ठोकत होते.

"काय बाई, आज खुशीत?"

"सातवी चौकट साफ, मिस्त्री! एक नाही उरली!"

ते बाहेर सरकले. तेलकट हात पुसत माझ्याकडे बघत राहिले. "साफ म्हणजे मेल्या ना?"

"हो."

"मग एवढ्या मोठ्यानं नका सांगू," म्हणाले, आणि परत जीपखाली गेले.

राग आला. त्यांना काय जातं? त्यांची एकोणीस वर्षं कुणी आपल्या नावावर केली नाहीत.

पुढे नऊ होती. पण दोरी तुटली होती, म्हणून ती मागे ठेवून दहाला सुरुवात केली.

८ जुलै

दहा ते चौदा झाल्या. विषम सगळ्या शून्य. सम अर्ध्यावर. आकडे कसे बिनचूक रांगेत उभे राहतायत — फाशीच्या साक्षीदारांसारखे.

दुपारी पावसानं कोंडून घातलं. खोलीत बसून ताईचं उत्तर मीच लिहून पाहिलं. ती काय काय पळवाटा काढेल? "नमुना लहान आहे." वीस चौकटी तिनंच आखल्या होत्या! "मोजणाऱ्याची चूक असू शकते." मोजायला तिनंच शिकवलं!

त्या दिवसांत ती माझ्यामागे उभी राहून म्हणायची, "घाई नको. पान हलतंय, थांब. वारा थांबू दे." तिची सावली चौकटीवर पडू नये म्हणून वाकडी उभी राहायची बिचारी.

बिचारी! खोडत नाही, राहू दे. पण पुन्हा लिहिणार नाही.

१५ जुलै

खांबापाशी फोन वाजला. ताई.

"बारके, मला न विचारता डायरेक्ट संपादकांना लिहिलंस?"

"तू मला विचारून छापलंस?"

वारा. तिचा श्वास. मग — "आपण घरातल्या घरात बोललो असतो."

"तू रेडिओवर बोललीस. मी जर्नलमध्ये बोलते."

"तुला काय वाटतं, मी मुद्दाम केलं?"

"एकोणीस वर्षं मुद्दाम नाही तर काय चुकून गाळली?"

मला वाटलं, आता रडेल. वाट बघत होते, हो! पण आवाज कोरडा — "मोजणी कुठवर आलीय?"

"सोळा झाल्या."

"नऊ बघितलीस का? नऊमध्ये गेल्या वर्षी सात उशा होत्या ना? कुंपण असूनही?"

"नाही बघितली अजून."

"बघ ना. मला कळव."

कळला डाव! सगळीकडून बुडाली, आता नऊची फळी पकडून तरंगणार. "एका तापवलेल्या चौकटीत तरी तगल्या" — झालं, तेवढ्यावर दहा पानं लिहील ती. भाषा तिच्या बापाची. माझ्याही बापाची, पण मला नाही आली.

१६ जुलै

नऊ.

सात. सातही जिवंत. नुसत्या जिवंत नाहीत — फुलावर! गुलाबी, टाचणीच्या डोक्याएवढी फुलं, सातही गाद्यांवर गच्च. दहिवराच्या नंतर उघडलेली. एक भुंगा आरामात बसून खात होता.

दीड अंश गरम हवेत! इतर विषम चौकटींत जे मेलं ते इथे नांदतंय!

लिहिली नाही. दोरी गुंडाळून परत आले.

२० जुलै

कारण शोधतेय. खाली ओल असेल? हात घालून बघितलं, नाही. दगडाची सावली? नाही. कुंपण फाटलंय? धडधाकट. यांचं बीच वेगळं असेल का? उशिरा फुलणारं? असेल. कोणाला माहीत!

आकडेमोड तीनदा केली. नऊ धरून, नऊ सोडून. नऊ धरली तरी माझं म्हणणं पडत नाही. थोडं लंगडतं. पण मला लंगडं नकोय. मला ताई उभीच्या उभी आडवी पडलेली हवीय.

४ ऑगस्ट

पुन्हा गेले. सातच. एकही मरायला तयार नाही.

११ ऑगस्ट

दुपारी केलं. लख्ख ऊन होतं. कोणी नव्हतं. मिस्त्री सामान आणायला खाली गेलेले, मेंढ्या पलीकडच्या उतारावर.

मी ठरवून गेले नव्हते. हे खोटं आहे. खुरपं घेऊन गेले होते.

वरून उशी तळहाताएवढी, पण मूळ हातभर लांब. दोरखंडासारखं. खडकाच्या फटीत गेलेलं. पहिली खुरप्यानं सुटली. दुसरीला दोन्ही हात लावावे लागले. सुटताना आवाज येतो — जाड कापड टरकावल्यासारखा. ताटलीएवढी होती तिला वेळ लागला. पाय कुंपणाला टेकवून ओढली. माझ्यापेक्षा वयानं मोठी होती ती. आईच्या वयाची असेल.

सात पिशवीत घातल्या, घळीत टाकल्या. फुलांसकट.

चौकट ९ — उशा: ०.

लिहिताना हात स्थिर होता. त्याचंच आश्चर्य वाटलं.

१२ ऑगस्ट

नखांतली माती निघत नाही.

२० ऑगस्ट

वीसही चौकटींचे आकडे पाठवले. तापवलेल्या दहाच्या दहा शून्य. आता वाच म्हणावं!

मिस्त्रींनी संध्याकाळी गरम पाण्याची बादली आणून ठेवली. कधी मागितली नव्हती. म्हणाले, "हात भाजलेत का बाई? सारखे चोळता."

२८ ऑगस्ट

ताई येतेय! स्वतः! मिस्त्री परवा सकाळी जीप घेऊन जाणार. पावसानं खालचा रस्ता खचलाय, जीपपर्यंत पोचायलाच दोन तासांची चढण. अकरा वर्षांत ती चढली नाहीये. दमू दे.

प्रत्येक चौकटीपाशी नेणार आहे. प्रत्येक! गुडघ्यांवर बसवणार. बोटानं सांगाडा दाबायला लावणार. मग म्हणणार — फिरायची आवड आहे ना मला, चल, फिरवून आणते!

वाक्य दोनदा म्हणून बघितलं. चांगलं बसतंय.

३० ऑगस्ट

आली. ओठ निळे, एक हात मिस्त्रींच्या खांद्यावर. केस पांढरे झालेत, मला कोणी सांगितलंच नव्हतं. मला बघून म्हणाली, "किती वाळलीयेस गं!" मी म्हटलं, "पाणी घे." माझं ठरलेलं वाक्य तोंडातच राहिलं.

चहासुद्धा नको म्हणाली. सरळ चौकटींकडे. मी पुढे, ती मागे. पहिल्या चौकटीपाशी मी काही सांगायच्या आतच गुडघे टेकून बसली. सांगाडा बोटानं दाबला. भुसा झाला. तो भुसा तळहातावर घेऊन बसून राहिली. मी उभी. मला वाटत होतं आता मजा येईल. आता येईल.

तीन, पाच, सात. प्रत्येक ठिकाणी बसली. सातपाशी म्हणाली, "मी परवाच संपादकांना लिहिलं. पेपर मागे घेतेय."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय?"

"मागे घेतेय. तुझे आकडे वाचले. पहिल्या पाच चौकटींतच कळलं मला. नवा लिहू. नाव पहिलं तुझं. खात्यालाही कळवलंय, केंद्र बंद करू नका म्हणून."

"एवढं सोपं?"

"सोपं नव्हतं. चार रात्री झोपले नाही." मग माझ्याकडे न बघता — "उपग्रहाचं चित्र इतकं सुंदर होतं गं. मला ते खरं असायला हवं होतं. आणि तुझं नाव... तुझं नाव घातलं असतं तर तुला मसुदा दाखवावा लागला असता. तू पहिल्या पानावरच पकडलं असतंस. मला माहीत होतं ते."

हेच ऐकायला मी तीन महिने दात-ओठ खात बसले होते. ते ऐकलं आणि मी तिच्या वाटेत आडवी उभी राहिले. कारण पुढची विषम चौकट नऊ.

"चल ना, परत जाऊ," म्हटलं. "तुला धाप लागलीय."

"नऊ बघू. तिथे सात होत्या. तू शून्य लिहिलंयस, तेव्हापासून मला चैन नाही. मला वाटलं होतं, इथल्या तरी राहतील. एक तरी चौकट अशी असावी ना, जी आपल्याला खोटं पाडेल?"

"त्या असत्या तर तुझंच खरं झालं असतं," मी म्हटलं.

"छे. नऊमध्ये सात असत्या तरी तूच बरोबर होतीस. आकडेमोड येते मला." ती चालायला लागली. "मला त्या नुसत्या असायला हव्या होत्या."

नऊपाशी बसली. कुंपणावरून वाकली. मेलेल्या उशीचा सांगाडा वर्षानुवर्षं जागेवर राहतो, हे तिनंच मला शिकवलेलं. इथे सांगाडे नव्हते. सात खड्डे होते. तिनं एका खड्ड्यात बोट घातलं. पूर्ण आत गेलं. बाहेर काढलं, त्यावरची माती बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे.

वारा पडला होता. पान हलत नव्हतं.

"मेंढ्यांनी उपटल्या असतील," ताई म्हणाली.

मी हात पाठीमागे घेतले.

"मेंढ्याच," ती पुन्हा म्हणाली, हळू, लहानपणी आईसमोर माझ्यासाठी बोलायची तशी. "हो ना, बारके?"

"हो," मी म्हटलं. "मेंढ्याच."

तिनं मोजणीची वही मागितली. नऊपुढच्या शून्याशेजारी तिच्या सुबक अक्षरात लिहिलं — चराईमुळे नष्ट. जुन्या सवयीनं तारीख घातली. संपादकांना आणि खात्याला तीच दुरुस्ती कळवते म्हणाली. मग उठताना हात पुढे केला. मी धरला. तिचा हात गार होता, माझ्याहून गार.

३१ ऑगस्ट

ताई खाली गेली. जाताना मिठी मारली नाही, डोक्यावरून हात फिरवला. "नव्या पेपरचा मसुदा पाठव," म्हणाली. "तूच लिही. मी फक्त स्वल्पविराम बघीन."

जिंकले. पेपर मागे, नाव पहिलं, केंद्र राहणार. हवं ते सगळं मिळालं. दिवसभर खोलीतच बसून आहे.

३ सप्टेंबर

खात्याचं पत्र. केंद्र चालू ठेवायचा निर्णय. दुसऱ्याच परिच्छेदात — "मोजणीच्या चौकटीचे चराईमुळे नुकसान झाल्याचे निदर्शनास आल्याने माळावरील चराई तत्काळ प्रभावाने बंद करण्यात येत आहे."

एकच कळप चरतो या माळावर.

दुपारी मेंढीवाली आली. चढून आली होती, पण धाप नव्हती. मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "बाई, माझ्या मेंढ्या त्या प्लास्टिकच्या कुंपणात शिरत नाहीत. चकाकतं ना ते, बिचकतात. तुम्ही तर इथे रोज असता. तुम्ही कधी बघितलंय का?"

मिस्त्री दारात उभे होते.

"नाही," मी म्हटलं.

"मग तसं लिहा ना त्यांना. तुमचं ऐकतील ते. माझं कोण ऐकतंय?" माळाकडे बघत — "तेवीस वर्षं येतेय मी वर. आता दोनशे जनावरं घेऊन जाऊ कुठे?"

मी म्हटलं, बघते. ती गेली. उतारावरून जाताना कुत्रे तिच्यापुढे धावत होते, माझ्याकडे वळून भुंकत.

मिस्त्री म्हणाले, "बाई, घळीत पाणी आणायला उतरलो होतो, पंधरा-वीस दिवसांपूर्वी." एवढंच. बादली उचलून आत गेले.

५ सप्टेंबर

तिघांना एकच मजकूर पाठवला — संपादकांना, खात्याला, ताईला. "चौकट नऊमध्ये सात उशा जिवंत आणि फुलावर होत्या. अकरा ऑगस्टला मी त्या माझ्या हातानं उपटल्या. मेंढ्यांचा काहीही संबंध नाही. माझ्या बहिणीनं लिहिलेली नोंद मला वाचवण्यासाठी होती. माझे या हंगामाचे आकडे ग्राह्य धरू नयेत."

मिस्त्री जीप काढतायत. मेंढीवालीच्या तळावर जाऊन तिला तोंडानं सांगायचंय.